मुलांची अर्धशिशी

आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आरोग्यावर एखादा लेख असावा असे ठरले, तेव्हा मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी असे विषय साहजिकच पुढे आले. ह्या विषयांवर बोलणारे आपल्यांत पुष्कळ आहेत आणि ऐकणारे त्याहून पुष्कळ आहेत. म्हणून आम्ही मुद्दाम असे दुखणे निवडले की, ज्याला ते होते त्याला ते नीट सांगता येत नाही, आणि ज्याने ऐकावयाचे त्याचा त्यावर सहसा विश्वास बसत नाही. हे दुखणे म्हणजे लहान मुलांची व कुमारवयीन मुलामुलींची अर्धशिशी, ज्याला आज सर्वत्र मायग्रेन म्हणतात.

ह्या निवडीला एक कारण घडले. न्यासाच्या शिष्यवृत्तीचे अर्ज छाननीसाठी आले की गुण आणि हजेरी हे दोन रकाने आम्ही आधी पाहतो. काही वर्षांपूर्वी नववीतील एका मुलीचा अर्ज आला. गुण चांगले, पण हजेरी कमी. कारण म्हणून ‘वारंवार डोके दुखते’ एवढेच लिहिलेले, आणि शाळेच्या शेऱ्यात ‘टाळाटाळ करण्याची सवय’ असे शब्द. डोके कोणाचे दुखत नाही, असे आमच्यापैकी एकजण म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि अर्ज बाजूला ठेवला गेला. दोन दिवसांनी मुलीची आई भेटावयास आली. ती म्हणाली, “काका, दुखायला लागलं की ती खोलीतला दिवा मालवते, कानांवर उशी दाबून घेते, एकदोनदा उलटी करते आणि झोपून जाते. झोपून उठली की हसतखेळत अभ्यासाला बसते. म्हणून तर कुणाला खरं वाटत नाही हो!”

पुढे आम्ही आमच्या परिचयाच्या बालरोगतज्ज्ञांकडे हा विषय काढला, तेव्हा कळले की त्या माउलीने केलेले वर्णन वैद्यकाच्या पुस्तकातील अर्धशिशीच्या वर्णनाशी तंतोतंत जुळणारे होते. आम्हीच ते सोंग समजून बसलो होतो. त्यानंतर ह्या विषयाची जी माहिती आम्ही मिळविली व पडताळून घेतली, ती सभासदांपुढे ठेवीत आहोत.

दुखणे जुने, ज्ञान नवे

अर्धशिशी हा काही आजकालचा विकार नव्हे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात जे अकरा शिरोरोग सांगितले आहेत, त्यांत ‘अर्धावभेदक’ हा एक आहे. अर्धे डोके फोडून काढणारा तो अर्धावभेदक. ग्रीक वैद्यांनी त्यालाच अर्ध्या कवटीचे दुखणे ह्या अर्थाचे ‘हेमिक्रेनिया’ असे नाव दिले, आणि त्याच शब्दाची झीज होत होत ‘मायग्रेन’ हा शब्द तयार झाला. म्हणजे पूर्वेचे व पश्चिमेचे नाव एकाच अनुभवातून निघालेले आहे.

डोक्यातील रक्तवाहिन्या फुगतात म्हणून हे दुखते, अशी समजूत विसाव्या शतकात दीर्घकाळ होती. आज ती मागे पडली आहे. अर्धशिशी हा मुख्यतः मज्जासंस्थेचा विकार आहे. अशा व्यक्तीचा मेंदू जन्मतःच अधिक संवेदनशील असतो. झोप, भूक, ऊन, ताण ह्यांत झालेला जो बदल इतरांचा मेंदू सहज पचवितो, तो ह्या मेंदूला पचत नाही. मग चेहऱ्याची व डोक्याची संवेदना वाहून नेणारी जी ट्रायजेमिनल नावाची नस आहे, तिचे तंतू उद्दीपित होतात आणि मेंदूच्या आवरणाजवळ काही रासायनिक द्रव्ये सुटतात. त्यांतील सीजीआरपी हे द्रव्य फार महत्त्वाचे ठरले आहे. ह्या शोधांबद्दल लार्स एडविन्सन, पीटर गोड्सबी, मायकेल मॉस्कोविट्झ व येस ओलेसन ह्या चार शास्त्रज्ञांना २०२१ साली मेंदूविज्ञानातील मानाचे ‘ब्रेन प्राइझ’ मिळाले. सांगावयाचे तात्पर्य एवढेच की, ही वेदना मनाने रचलेली नसते. तिची यंत्रणा शरीरात आहे आणि शास्त्राने तिचा बराच माग काढला आहे.

हे दुखणे बहुधा घराण्यातून येते. मुलाचे डोके उठत असेल तर आईला, वडिलांना, आत्याला, मामाला विचारून पाहावे. ‘मलाही लहानपणी व्हायचे, पण आम्हांला कोण विचारतो!’ असे उत्तर कोणाकडून तरी हमखास मिळते. अशा मुलांपैकी पुष्कळांना बसमध्ये किंवा घाटात गाडी लागते, हीही एक ओळख आहे.

मुलांत ते कसे दिसते

मोठ्या माणसांची अर्धशिशी आपण ओळखतो, पण मुलांची ओळखू येत नाही. कारण तिचे रूप थोडे निराळे असते. नाव अर्धशिशी असले तरी मुलांत पुष्कळदा अर्धे डोके न दुखता दोन्ही कानशिले किंवा सगळे कपाळ दुखते. मोठ्यांचे दुखणे उपचार न केल्यास चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालते. मुलांचे दोन तासांतही आटोपते, आणि लहानग्यांचे त्याहूनही लवकर. म्हणूनच सकाळी शाळेच्या वेळी कण्हणारे मूल दुपारी अंगणात खेळताना दिसते व घरच्यांचा संशय बळावतो.

बाकीची लक्षणे अशी : वेदना ठणकणारी असते, जिना चढला किंवा धावले की वाढते, मळमळते, उलटी होते, उजेड व आवाज सहन होत नाही. लहान मुलाला ‘मला उजेड सहन होत नाही’ असे सांगता येत नाही, पण ते डोळ्यांवर हात धरते, पांघरूण ओढते, दूरदर्शन बंद करावयास सांगते. जे मूल आवडते चित्र आपण होऊन बंद करावयास सांगते, ते सोंग करीत नाही, एवढे तरी कोणत्याही पालकाने ओळखावे. चेहरा पांढरा पडणे व शेवटी गाढ झोप लागून मोकळे वाटणे, ह्याही खुणा आहेत.

काही मुलांना डोके दुखण्यापूर्वी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेघा किंवा काळे ठिपके दिसतात, अथवा हाताला मुंग्या येतात. ह्यास ‘ऑरा’ म्हणतात व तो साधारणपणे पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकतो. असे पहिल्यानेच झाले तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे. आणखी एक प्रकार असा की डोके मुळीच दुखत नाही. बेंबीभोवती पोट दुखते, मूल निस्तेज होते, जेवण नको म्हणते, आणि काही तासांनी वा दिवसाने सारे पूर्ववत होते. हे पुन्हापुन्हा घडते व तपासण्यांत काही सापडत नाही. ह्यास पोटातील अर्धशिशी म्हणतात. अशी मुले मोठी झाली की त्यांतील बऱ्याच जणांचे पुढे डोके दुखू लागते.

हे किती मुलांना होते? निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र केल्या असता शाळकरी वयात शंभरांत सात-आठ मुलांना अर्धशिशी असल्याचे दिसते. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात तिघांना तरी ती असावयाची. लहान वयात मुलगे व मुली सारख्याच प्रमाणात असतात. मासिक पाळी सुरू झाल्यानंतर मुलींचे प्रमाण वाढते व मोठेपणी स्त्रियांत ते पुरुषांच्या सुमारे तिप्पट होते. पाळीच्या आदल्या दिवसांत डोके उठणे हे मुली संकोचाने सांगत नाहीत. आईने ते आपण होऊन विचारावे.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. डोके दुखले की आपण प्रथम चष्म्याचा नंबर काढतो. डोळे एकदा तपासून घ्यावेत हे योग्यच. पण ठणका, मळमळ व उजेडाचा त्रास ही लक्षणे चष्म्याने जात नाहीत, आणि चष्मा बदलण्यात दोन वर्षे वाया जातात. दुसरा गैरसमज ‘सायनस’चा. अर्धशिशीतही नाक वाहते, डोळ्यांत पाणी येते, कपाळ जड होते. म्हणून वर्षानुवर्षे सर्दीची औषधे दिली जातात.

आधी धोक्याची चिन्हे

प्रत्येक डोकेदुखी अर्धशिशी नसते. पुढील चिन्हांपैकी एकही दिसले तर घरगुती उपाय करीत न बसता ताबडतोब डॉक्टर गाठावा :

१. एकाएकी, क्षणात, पूर्वी कधी झाली नव्हती एवढी तीव्र वेदना.
२. तापासह डोकेदुखी, मान ताठ होणे, गुंगी किंवा अंगावर पुरळ.
३. रोज पहाटे वेदनेने जाग येणे व उलटी होणे; आडवे पडल्यावर, खोकल्यावर किंवा कुंथल्यावर वेदना वाढणे.
४. एकाचे दोन दिसणे, नव्याने तिरळेपणा, चालताना तोल जाणे, हातापायातील शक्ती कमी होणे, झटके येणे.
५. डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेली डोकेदुखी.
६. आठवड्यागणिक वाढत जाणारी वेदना, स्वभावात किंवा अभ्यासात अचानक पडलेला फरक.
७. पाच-सहा वर्षांखालील मूल, किंवा सतत डोक्याच्या मागच्याच भागात दुखणे.

आपल्याकडे मेंदूच्या आवरणाचा क्षय व मेंदूतील कृमिगाठी हे विकार अजून आढळतात, म्हणून ही यादी हलकी समजू नये. उलट, ह्यांपैकी काही नसेल, डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, डोळ्यांच्या आतील पडदा पाहिला, चालणे व तोल तपासला आणि सारे ठीक निघाले, तर केवळ समाधानासाठी स्कॅन काढण्याची बहुधा गरज नसते. अर्धशिशी स्कॅनमध्ये दिसत नाही. तिचे निदान मुलाचे म्हणणे नीट ऐकून घेऊनच होते.

डोके उठले असता

निदान पक्के झाले की घरात दोन गोष्टी ठरवून ठेवाव्यात : डोके उठले तर काय करावयाचे, आणि ते वारंवार उठू नये म्हणून रोज काय करावयाचे. पहिलीबद्दल प्रथम सांगतो.

मुलाला अंधाऱ्या, शांत खोलीत निजवावे. कपाळावर गार पाण्याची पट्टी ठेवावी. घोट घोट पाणी द्यावे, आणि मूल खात असेल तर थोडे काही खाऊ घालावे. झोप लागली तर उठवू नये; मुलांच्या अर्धशिशीवर झोपेसारखे औषध नाही. आजीने सुंठेचा लेप लावला किंवा कपाळाला घट्ट फडके बांधले आणि त्याने मुलाला बरे वाटले, तर त्यास हरकत घेण्याचे कारण नाही. मात्र लेप वाळेपर्यंत गोळी लांबणीवर टाकू नये.

गोळीविषयी आपल्या घरांतून एक चमत्कारिक भीती आहे. आई म्हणते, ‘थोडे सोसू दे, अगदीच असह्य झाले तर देऊ.’ मग मूल तीन तास सोसते, उलट्या सुरू होतात आणि दिलेली गोळीही पोटात राहत नाही. अर्धशिशीचा नियम ह्याच्या नेमका उलट आहे. डॉक्टरांनी ठरवून दिलेले औषध दुखणे सुरू होताच, शक्यतो पहिल्या अर्ध्या तासात, आणि पुऱ्या मात्रेत द्यावयाचे असते. जठराचे चलनवलन अर्धशिशीत मंदावते, म्हणून उशिरा दिलेली गोळी अंगी लागत नाही.

मुलांसाठी पहिली औषधे म्हणजे आयबुप्रोफेन व पॅरासिटामॉल. मात्रा वयावरून न ठरविता वजनावरून ठरवितात : पॅरासिटामॉल दर किलोस सुमारे १५ मिलिग्रॅम आणि आयबुप्रोफेन दर किलोस सुमारे १० मिलिग्रॅम. म्हणजे ३० किलोच्या मुलाला पॅरासिटामॉलची ४५० मिलिग्रॅम मात्रा लागते. आणि आपण त्याला ५०० ची अर्धी गोळी देऊन ‘गुण येत नाही’ म्हणून औषधाला बोल लावतो. आपल्या मुलाचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्यावा, दोन मात्रांमधील अंतर व दिवसाची मर्यादाही विचारून घ्यावी, आणि पातळ औषध असेल तर बाटलीवरचे प्रमाण वाचल्याशिवाय चमच्याने मोजू नये, कारण निरनिराळ्या बाटल्यांचे प्रमाण निरनिराळे असते. ताप असेल आणि डेंग्यूचे दिवस असतील तर आयबुप्रोफेन देऊ नये. ॲस्पिरिन सोळा वर्षांखालील मुलांना देऊ नये. निमेसुलाइड हे औषध बारा वर्षांखालील मुलांसाठी आपल्या देशात २०११ पासून बंद आहे. घरात जुनी पट्टी पडली असेल तर टाकून द्यावी. ह्या साध्या औषधांनी भागले नाही तर ट्रिप्टान वर्गातील औषधे व उलटीवरील औषधे आहेत, परंतु ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

आता ह्याच नाण्याची दुसरी बाजू. औषध लवकर द्यावे, पण वारंवार देऊ नये. महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामके घेण्याचा क्रम काही महिने चालला, तर त्या औषधांमुळेच रोज डोके दुखू लागते. ट्रिप्टान व मिश्र औषधांच्या बाबतीत ही मर्यादा दहाच दिवसांची आहे. म्हणून आठवड्यातून दोन दिवसांहून अधिक वेळा गोळी लागू लागली की ती वाढवीत न बसता डॉक्टरांकडे जावे.

रोजची घडी

संवेदनशील मेंदूला नियमितपणा आवडतो. झोप, जेवण, पाणी व हालचाल ह्या चार गोष्टींची घडी बसली की पुष्कळ मुलांचे झटके कमी होतात.

झोप सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास, आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास लागते. पहाटेची शाळा, दुपारचा कोचिंग क्लास, रात्री बारापर्यंत अभ्यास आणि नंतर अंथरुणात फोन, अशी आपल्या इंदुरातील कित्येक मुलांची दिनचर्या झाली आहे. रविवारी तीच मुले अकरापर्यंत झोपतात व उठल्यावर डोके धरून बसतात. झोप कमी झाली तरी डोके उठते आणि एकाएकी फार झाली तरी उठते. म्हणून सुटीच्या दिवशीही उठण्याची वेळ फार बदलू देऊ नये. फोन रात्री स्वयंपाकघरात ठेवावा, आणि हा नियम वडिलांनीही पाळावा.

जेवणाची वेळ चुकणे हे तर फार मोठे निमित्त आहे. सकाळी काही न खाता शाळेत पाठविलेले मूल दहा वाजता डोके दुखते म्हणते, ह्यात नवल नाही. अर्धशिशीवर पहाटे गरम दूध-जिलेबी खावी, हा आपल्याकडील जुना उपाय सर्वांना ठाऊक आहे. जिलेबीत औषधी गुण आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण पहाटे उपाशी पोटी न राहण्याचा लाभ त्यातून मिळत असावा, असे आम्हांस वाटते. तो लाभ पोह्यांनी, पोळीने किंवा उपम्यानेही मिळतो. उपवासाचाही येथे विचार केला पाहिजे. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत थांबणे किंवा हरतालिकेचा निर्जळी उपवास अर्धशिशी असलेल्या मुलीकडून हौसेने करवून घेऊ नये. पूजा करावी, जागरण व उपवास सोडावा. आजारी माणसाला व मुलांना व्रतातून सूट देण्याची उदार रीत आपल्या घरांतून पूर्वापार आहेच.

पाणी पुरेसे प्यावे. एप्रिल-मेच्या उन्हात तर अधिकच. शाळेतील प्रसाधनगृह स्वच्छ नसते म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, हे कारण पालकांना सहसा कळत नाही. ते शाळेच्या कानी घालावे. रोज अर्धा-पाऊण तास खेळ असावा. चहा, कॉफी व शीतपेये कमी करावीत. खाण्याच्या पदार्थांची लांबलचक यादी करून मुलाचे सारे आवडते पदार्थ मात्र बंद करू नयेत. चॉकलेटचेच पाहा : झटका येण्यापूर्वी काही तास कित्येकांना गोड खाण्याची वासना होते, ते चॉकलेट खातात, आणि मग दोष चॉकलेटवर जातो. विशिष्ट पदार्थानंतर तीन-चार वेळा निश्चित दुखले तरच तो टाळावा.

हे कळावे कसे? त्यासाठी एक साधी वही घालावी. तारीख, वार, दुखणे सुरू झाल्याची वेळ, किती तास चालले, आदल्या रात्रीची झोप, चुकलेले जेवण, पाळीची तारीख, घेतलेले औषध व आलेला गुण, एवढे रकाने पुरे. दोन-तीन महिन्यांची ही वही डॉक्टरांपुढे ठेवली तर त्यांचे अर्धे काम होते. वही मुलाने स्वतः लिहावी. आपल्या दुखण्यावर आपला काही ताबा आहे, ही भावना त्यातूनच येते.

वारंवार होणाऱ्या झटक्यांसाठी

इतके करूनही आठवड्यातून एकापेक्षा अधिक वेळा डोके उठत असेल किंवा शाळा बुडत असेल, तर डॉक्टर रोज घ्यावयाचे प्रतिबंधक औषध सुचवितात. फ्लुनारिझिन, प्रोप्रॅनोलॉल, ॲमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट ही त्यांतील काही. प्रत्येकाचे आपले गुणदोष आहेत. उदाहरणार्थ, दमा असलेल्या मुलाला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. सीजीआरपी द्रव्याला अडविणारी नवी इंजेक्शनेही निघाली आहेत.

ह्या बाबतीत एक प्रयोग सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेत ८ ते १७ वर्षांच्या मुलांवर केलेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगात काहींना ॲमिट्रिप्टिलिन, काहींना टोपिरामेट आणि काहींना औषध नसलेली नुसती गोळी दिली. डोकेदुखीचे दिवस निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झालेल्यांचे प्रमाण अनुक्रमे शेकडा ५२, ५५ आणि ६१ असे आले. औषधाने नुसत्या गोळीवर मात केली नाही. ह्याचा अर्थ मुलांचे दुखणे खोटे होते असा मुळीच नव्हे. नियमित तपासणी, नोंदवही, ऐकून घेणारा डॉक्टर आणि बरे होण्याची आशा ह्यांचा मुलांच्या मेंदूवर खरोखरीचा परिणाम होतो, असाच बहुतेक तज्ज्ञांनी त्याचा अर्थ लावला आहे.

२०१३ सालचा दुसरा प्रयोग ह्याला पूरक आहे. त्यात रोज दुखत असलेल्या किंवा महिन्यातील निम्मे दिवस दुखणाऱ्या १० ते १७ वर्षांच्या १३५ मुलांना ॲमिट्रिप्टिलिन दिले. त्यांपैकी निम्म्यांना त्याबरोबर वेदनेशी कसे वागावे, अंग सैल कसे सोडावे, श्वास संथ कसा घ्यावा, भीतीचे विचार कसे ओळखावे ह्याचे पद्धतशीर शिक्षण दिले. उरलेल्यांना डोकेदुखीची केवळ माहिती दिली. वीस आठवड्यांनी पहिल्या गटात शेकडा ६६ आणि दुसऱ्या गटात शेकडा ३६ मुलांचे दुखणे निम्म्याने किंवा अधिक कमी झाले. म्हणून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविले तर ‘आमच्या मुलाला वेड लागले आहे काय?’ असे विचारू नये. दुखणे शरीराचेच आहे, पण त्याच्याशी झुंजण्याचे बळ मनातून येते.

शाळा आणि घर

वर्गशिक्षकांना डॉक्टरांची चिठ्ठी द्यावी. तिच्यात तीन गोष्टी असाव्यात : मुलाला अर्धशिशी आहे, डोके उठताच अमुक औषध अमुक मात्रेत द्यावे, आणि अर्धा-एक तास शांत जागी पडू द्यावे. एवढे झाले तर पुष्कळदा मूल त्याच दिवशी वर्गात परत जाते. उलट, डोके दुखले की घरी आणणे आणि दोन-तीन दिवस ठेवून घेणे हे हिताचे नाही. अभ्यास मागे पडतो, त्याची धास्ती बसते, आणि धास्तीने पुन्हा डोके उठते. शाळेत कोणी छळीत असेल, परीक्षेची भीती असेल, घरात भांडणे होत असतील, तर तेही हळुवारपणे विचारावे. अशा मुलांना चिंता व खिन्नता इतरांपेक्षा अधिक आढळते.

घरी दिवसातून दहा वेळा ‘दुखते का रे?’ असे विचारू नये. जे मूल दुखणे लपविते त्याला बोलते करावे. आणि जे सांगते त्याला ‘पुन्हा सुरू झाले का तुझे?’ असे कधी म्हणू नये.

पुढे काय?

पालकांचा शेवटचा प्रश्न नेहमी हाच असतो. स्वीडनमधील उपसाला येथील डॉक्टर बो बिले ह्यांनी सुमारे ९,००० शाळकरी मुलांची पाहणी करून १९६२ साली ती प्रसिद्ध केली, आणि त्यांतील ठळक अर्धशिशी असलेल्या ७३ मुलांची खबर पुढे चाळीस वर्षे ठेविली. पंचविशीच्या आत जवळजवळ पाव मुलांचे दुखणे थांबले होते. मात्र पन्नाशीच्या सुमारास निम्म्याहून अधिकांना ते अधूनमधून होतच होते. म्हणजे ‘मोठे झाल्यावर आपोआप जाईल’ असे वचन कोणी देऊ नये. पण ताब्यात राहील, शिक्षण व संसार अडणार नाही, असे बहुतेकांना खात्रीने सांगता येते.

ज्या मुलीच्या अर्जापासून आम्ही आरंभ केला, तिचे डोके आजही कधीकधी उठते. परंतु वही, वेळेवरचे जेवण, दप्तरात ठेवलेले औषध आणि शिक्षकांना दिलेली चिठ्ठी ह्यांच्या बळावर तिने दहावीचे वर्ष फारशी शाळा न बुडविता पार पाडले. तिचा अर्ज आम्ही पुन्हा वर काढला होता हे सांगावयास नकोच. तेव्हापासून हजेरी कमी असली की आम्ही शेऱ्याआधी कारण वाचतो, आणि कारण अपुरे वाटले तर घरी जाऊन विचारतो. हा धडा आम्हांला एका आईने शिकविला.

आपल्या घरातील किंवा शेजारचे एखादे मूल वारंवार डोके धरून बसत असेल, तर त्याच्याजवळ पाच मिनिटे बसावे, दिवा मालवावा आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. हा लेख वाचून एका जरी मुलाचे दुखणे वेळीच ओळखले गेले, तर आमच्या श्रमांचे सार्थक झाले असे आम्ही समजू.